खाली दुकान, वर घर: जुन्या शहरातलं हे घर घ्यावं का?

गवाक्ष:
नमस्कार मंडळी. तीन आठवडे झाले, एक घर डोक्यातून जात नाहीये.

शहराच्या जुन्या भागातलं तीन मजली घर विकायला आहे. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, दर्शनी बाजू जेमतेम साडेपाच मीटर, पण आत 22 मीटर लांब. तळाला दुकानाचा गाळा, तो सध्या रिकामा आहे. वरचे दोन मजले राहायचे, त्यावर पोटमाळा. दारावर साल कोरलंय, पण त्यावर रंगाचे इतके थर चढलेत की बोटांनी चाचपूनही पहिल्या आकड्यापलीकडे काही लागत नाही. जिना चढताना कठड्याला हात लावला आणि तिथेच माझं ठरलं. किती हात फिरले असतील तेव्हा लाकूड असं गुळगुळीत होतं!

मी पुस्तकबांधणी करते. खाली बांधणीचं दुकान आणि वर घर, हे मी कित्येक वर्षं मनात धरून आहे. नवऱ्याचं म्हणणं वेगळं आहे: दुकानाचं तोंड बंद करून खालीही राहायची खोली काढू.

काळजीच्या गोष्टी अशा. पहिल्या मजल्यावर पुढच्या खोलीत गोटी ठेवली तर रस्त्याच्या बाजूला घरंगळते. तिथल्या खिडकीच्या कोपऱ्यातून वर तिरकी भेग गेली आहे. गाळ्याच्या मागच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल, आणि त्यावर नुकताच सिमेंटचा गिलावा केलेला दिसतो. घराच्या मधोमध छोटा चौक होता, त्यावर पत्रे टाकून कुणीतरी गोदाम केलंय. विकणारे म्हणतात की जुन्या घरात एवढं चालायचंच. खरंच चालतं का?

तुळई:
ताई, मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. जुन्या इमारतींचंच काम करतो. पुढे घरंगळणारी गोटी आणि खिडकीच्या कोपऱ्यातली तिरकी भेग ऐकून माझं लक्ष थेट दुकानाच्या पाटीमागे जातं.

अशा घरांत दुकानाचं तोंड बहुधा मुळात एवढं मोठं नसतं. खांब असतात, त्यांच्यामध्ये दोन-तीन दारं. 19व्या शतकात मोठ्या काचा आणि लोखंडी तुळया मिळायला लागल्या, तशी अनेक शहरांत दुकानदारांनी खांब काढून दर्शनी बाजू मोकळी केली. वरच्या मजल्यांच्या भिंतीचं वजन आधी सरळ जमिनीत उतरत होतं, ते सगळं एका आडव्या तुळईवर आलं. ही तुळई मधोमध वाकली की वरची भिंत खाली बसते, तिच्यावर टेकलेली मजल्याची जमीन पुढे झुकते आणि भेग खिडकीच्या कोपऱ्यातून सुटते, कारण भिंत तिथेच सर्वांत दुबळी असते.

पाटी उतरवायला सांगा. तुळई लाकडी असेल तर भिंतीत शिरलेली दोन्ही टोकं स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा. मधला भाग ठणठणीत आणि टोक कुजलेलं, असं मी खूप वेळा पाहिलंय, कारण टोकाला भिंतीतली ओल मिळते. लोखंडी असेल तर गंजाचे पापुद्रे बघा. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि वरचं बांधकाम उचलतो.

भेगेत टॉर्च मारा. आत जुना रंग गेलेला असेल तर ती रंगाच्याही आधीची आहे. कडा स्वच्छ आणि धारदार असतील तर हालचाल अजून चालू आहे असं धरा.

चुनेगच्ची:
ओलीबद्दल मी लिहितो. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट 1824 सालचं आहे, आणि त्यानंतरही बराच काळ घरं चुन्यातच बांधली जात होती. तुमचंही तसंच असणार. चुन्याची भिंत पाणी पिते आणि हवेत सोडते. तिच्यावर सिमेंट थापलं की सोडायची वाट बंद होते, मग पाणी आणखी वर चढतं. नव्या गिलाव्याच्या वरच्या कडेला पांढरे क्षार फुटलेत का बघा. तो गिलावा काढून भिंतीला महिनोन्महिने सुकू द्यावं लागेल, आणि परत चुनाच करावा लागेल. घाई केलीत तर पैसे पाण्यात. एक पायरी उतरून गाळ्यात जावं लागत असेल, तर रस्ता थरावर थर चढून वर आलाय असं समजा.

चौकावरचे पत्रे मात्र पहिल्या दिवशी उतरवा. अरुंद आणि लांब घराला उजेड-वारा फक्त दोन टोकांनी मिळतो. जपानच्या क्योटोतली दुकानघरं अशीच चिंचोळी, लोक त्यांना ईल माशाचं अंथरूण म्हणतात, आणि त्यांच्या पोटात इवलीशी बाग ठेवलेली असते. मलेशियातल्या जॉर्ज टाउनच्या दुकानघरांतही मध्ये उघडा चौक असतो. ती शोभा नव्हे. मधल्या खोल्या त्याच्यावर जगतात. लाकडातली आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली राहिली तर कुजवणारी बुरशी मूळ धरत नाही, आणि ते काम चौकातला वारा फुकट करतो.

शिवणघर:
माझं बालपण शिंप्याच्या दुकानावर गेलं. खालच्या यंत्रांची घरघर थांबली की समजायचं, संध्याकाळ झाली. खाली माणसांचा वावर असला की घराकडे लक्ष राहतं, गळकी पन्हळ त्याच दिवशी दिसते. तेव्हा दुकान ठेवाच.

पण एक विचारते: वर जायचा जिना दुकानातून आहे की वेगळा? आमचा दुकानातून होता. एकदा रात्री कापडाच्या चिंध्यांनी पेट घेतला. धूर सरळ जिन्यानं वर आला. शेजाऱ्यांनी गच्चीवरून शिडी लावली म्हणून आम्ही पाचही जण वाचलो. 1666 साली लंडन जळालं, ती आगसुद्धा पुडिंग लेनमधल्या एका बेकरीत लागली होती. बेकरीवाला वरच राहत होता. घरची माणसं वरच्या खिडकीतून शेजारच्या घरात गेली, मोलकरीण मागे राहिली आणि दगावली. तुमच्याकडे कागद, पुठ्ठा, सरस असणार. जिन्याला वेगळं दार आणि मध्ये आग अडवणारी भिंत, याशिवाय वर झोपायला जाऊ नका. विमा कंपनीलाही खाली कसलं काम चालणार ते आधीच लेखी कळवा.

गवाक्ष:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज पाटी उतरवली.

तुळई लाकडी आहे. उजवं टोक घट्ट, डाव्या टोकात स्क्रूड्रायव्हर चार बोटं आत गेला. भेगेत रंग आहे, दोन वेगळे रंग, पण वरच्या टोकाला वीतभर नवी आहे. गाळ्यात एक पायरी उतरावी लागते. जिना दुकानातूनच आहे. आणि दर्शनी बाजूला फरशीच्या दोन तुकड्यांमध्ये एक चौकोनी दगड सापडला, मधोमध उथळ खाच असलेला. ही खांबाची बैठक असेल का?

तुळई:
बहुतेक तीच. तिथे खांब परत उभा राहिला तर तुळईचा पल्ला, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, निम्मा होतो. प्रत्येक भागावरचा वाकवणारा जोर एक चतुर्थांशावर येतो आणि तुळईचं खाली झुकणं तर सोळाव्या हिश्शावर. आधी बैठकीखालचा पाया उकरून तपासायचा आणि डावं टोक बदलायचं. तोवर वरच्या पुढच्या खोलीत कपाटं किंवा पुस्तकांचे गठ्ठे ठेवू नका. हा खर्च लेखी काढून घ्या आणि किमतीचं बोलणं त्यानंतर करा.

गवाक्ष:
खांब आला तर दोन दारं होतील. एक दुकानाचं, दुसरं सरळ जिन्याचं. हे कागदावर काढून नवऱ्याला दाखवलं. त्यानं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, कापायचं यंत्र खांबाच्या कुठल्या बाजूला ठेवणार?