नववी-दहावीच्या मुलांना आधुनिक धर्मचिंतक कसे शिकवावेत?

फोंडेकर बाई:
वाचनालयात दर शनिवारी दीड तास, असे सहा वर्ग घ्यायचे आहेत. मुलं २२, त्यात सात ख्रिस्ती, तीन मुसलमान. विवेकानंद, आंबेडकर, विनोबा, मौलाना आझाद, बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी आणि एखादे ख्रिस्ती विचारवंत असा दर वेळी एकेक ठेवला तर? शेवटी 'सर्वधर्मसमभाव' असा तक्ता करून घ्यायचा विचार आहे.

सांखळीकर:
बाई, सहांच्या जागी तीनच घ्या. दीड तासात जन्म, कार्य, सुविचार एवढंच उरकतं, मग मुलांना ते पुण्यतिथीच्या भाषणासारखं वाटतं. प्रत्येकाला दोन शनिवार द्या: एक उताऱ्याला, एक वादाला. तक्ता तर नकोच. 'सगळे एकच सांगतात' म्हटलं की पुढे बोलायला काही उरत नाही.

उतारा दोनशे-अडीचशे शब्दांचा, पुस्तकातूनच घ्या, पान क्रमांकासह. व्हॉट्सॲपवरची विवेकानंदांची निम्मी वचनं त्यांची नसतात. वाचताना मुलांनी समासात खूण करायची: पटलं, पटलं नाही, कळलं नाही. चर्चा 'कळलं नाही'पासून सुरू करा. 'पटलं नाही'पासून केली तर दोन बोलघेवडी मुलं वर्ग ताब्यात घेतात.

सुरुवात कोसंबी आणि आंबेडकर एकत्र घेऊन करा. कोसंबी आपल्या गोव्यातल्या सांकवाळचे, जन्म १८७६. म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थ २९ व्या वर्षी घर सोडतो, ही गोष्ट मुलांना पाठ असते. विचारा: २९ वर्षांत एकही म्हातारा दिसला नाही? हाच प्रश्न आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या (१९५७) प्रस्तावनेत विचारलाय. गृहत्यागाचं कारण त्यांनी सिद्धार्थाचे शाक्य आणि शेजारचे कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेल्या तंट्याशी जोडलं. कोसंबींनाही ती रूढ कथा मान्य नव्हती. म्हादई नदीच्या पाण्यावरून गोवा-कर्नाटकात चाललेला वाद ऐकत वाढलेल्या मुलांना रोहिणीचं पाणी वेगळं समजावावं लागत नाही. परंपरेवर प्रेम करणारा माणूस परंपरेतल्या गोष्टीवर शंका कशी घेतो, ते इथे डोळ्यांसमोर दिसतं.

म्हापशे:
ख्रिस्ती बाजूने व्यक्तीऐवजी 'नोस्त्रा एताते' घ्या, कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचं इतर धर्मांविषयीचं २८ ऑक्टोबर १९६५ चं निवेदन. पाचच कलमं, दुसऱ्यात हिंदू आणि बौद्ध, तिसऱ्यात इस्लाम, चौथ्यात ज्यू. मतं २,२२१ विरुद्ध ८८. मुलांना त्या ८८ जणांची बाजू सहा ओळींत लिहायला सांगा. काहींना धर्मप्रसार ढिला पडेल असं वाटत होतं. अरब देशांतल्या बिशपांना ज्यूंवरच्या कलमाचा राग तिथल्या ख्रिस्त्यांवर निघेल ही धास्ती होती. हे लिहिल्यावर 'ख्रिस्ती असं म्हणतात' हे वाक्य मुलांच्या तोंडून सहजी येत नाही.

आणखी एक. काही ख्रिस्ती मुलं कोंकणी रोमी लिपीत वाचतात. देवनागरी उतारा हातात आला की गप्प बसतात आणि आपण समजतो, त्यांना रस नाही. उतारा तुम्ही मोठ्याने वाचा, चर्चा कोंकणीतून होऊ द्या.

फोंडेकर बाई:
तक्ता रद्द. आझाद घेऊ का? आणि इन्क्विझिशनचा, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयाचा, विषय निघालाच तर?

सांखळीकर:
आझाद जरूर, पण 'तर्जुमान अल-कुराण' या त्यांच्या कुराणाच्या अनुवाद-भाष्यातलं पहिल्या सूरेवरचं (अध्यायावरचं) भाष्य घ्या. दीन (धर्माचा गाभा) एक आणि शरियती (आचारनियम) वेगवेगळ्या, हा मुद्दा तिथे येतो. स्वातंत्र्यलढ्यातले आझाद घेतलेत तर तो इतिहासाचा तास होईल. त्या तीन मुलांना 'तुमच्यात काय म्हणतात?' मात्र विचारू नका. पंधरा वर्षांच्या पोराला अख्ख्या धर्माचा वकील करणं हा अन्यायच, आणि पुढच्या शनिवारी तो येतही नाही.

इन्क्विझिशन निघणारच, टाळू नका. गोव्यात १५६० ते १८१२, मध्ये काही वर्षं बंद. फोंड्याची साफा मशीदही १५६० चीच, कारण फोंडा तेव्हा आदिलशाहीत होता. तिथे पायी जाता येईल. शुक्रवारची दुपार टाळा, आठ दिवस आधी विचारून ठेवा. पालकांच्या चिठ्ठीत 'पाहायला नेतोय, प्रार्थनेला नाही' हे पहिल्याच ओळीत लिहा. खाली लिहिलं तर कोणी वाचत नाही.