बाळंतीण घरी आल्यावर तिच्याकडे बघायचं कोणी : नर्सने की जपावालीने?

चैत्रपालवी
नॉर्मल डिलिव्हरी असेल तर दोन-तीन दिवसांत घरी, सिझर असेल तर चार-पाच दिवसांत. हातात फाइल, लसीचं कार्ड आणि 'दीड महिन्याने दाखवायला या'. मधल्या काळात आई आणि बाळ दोघांना तपासतं कोण?

गावात निदान आशाताई येते. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी तिने जायचं, हे २०११ पासून ठरलेलं आहे. बाळाचं वजन, ताप, नाळ, दूध ओढतंय का, हे ती बघते. पुण्या-ठाण्याच्या सोसायटीत, खासगी हॉस्पिटलात लाखभर रुपये भरून आलेल्या बाईकडे यातलं कोणी येत नाही. येते फक्त जपावाली, म्हणजे बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणारी बाई.

आणि नेमके हेच दिवस नाजूक. बाळाची कावीळ चढते ती साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, म्हणजे घरी आल्यावर. आईचं बीपीही बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात सगळ्यात वर जातं. दूध भरून छाती दगडासारखी होते तीही तेव्हाच. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या दहा दिवसांत शिकलेली नर्स दोनदा तरी घरी यायलाच हवी आणि तो खर्च डिलिव्हरीच्या पॅकेजमध्येच धरायला हवा.

माजघर
अजिबात पटलं नाही. नर्स येणार, दहा मिनिटं बसणार, कागद भरून जाणार. जपावाली रोज येते, सव्वा महिना येते. तिच्या हाताला बाळाचं अंग ओळखीचं झालेलं असतं. माझ्या नातवाच्या वेळी 'आज बाळ कढत लागतंय आणि रडणं बारीक झालंय, दवाखान्यात न्या' हे आमच्या जपावाल्या मावशींनीच सांगितलं. घरातल्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

शिवाय बाळंतिणीला तपासणी लागते तेवढीच माणसाची सोबतही लागते. तेल लावून, कढत पाण्याने न्हाऊ घालून, पोट बांधून कोणी निजवलं की ती तास-दीड तास शांत झोपते. ते नर्स करणार आहे का?

टिपकागद
मी बालरोगतज्ज्ञ आहे. मालिशला माझा विरोध नाही, हलक्या हाताने केलं तर बाळाला बरंच वाटतं. पण त्यासोबत जे येतं त्याचं काय? नाकात-कानात तेल, डोळ्यांत काजळ, बंद खोलीत धुरी, मध, गुटी. नवजात बाळाची छाती पिळतात, त्यातून गळू झालेली बाळं आमच्याकडे येतात. नाकातलं तेल फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो.

तरीही चैत्रपालवी, तुमच्याशीही मी सहमत नाही. कावीळ किती आहे हे आपल्या सावळ्या कातडीवर नुसत्या नजरेने नीट कळत नाही, नर्सलाही नाही आणि मलाही नाही. मोजावीच लागते. म्हणून डिस्चार्जनंतर दोन दिवसांत बाळ ओपीडीत आणा. आणि कोवळ्या उन्हात ठेवल्याने वाढलेली कावीळ उतरते या भरवशावर तर मुळीच राहू नका.

चैत्रपालवी
टिपकागद, ओपीडीत आणा म्हणणं सोपं आहे. टाके ओले, बसता येत नाही, अशी बाई रिक्षाचे धक्के खात यायची आणि सर्दी-तापाच्या मुलांत दोन तास नंबर लावून बसायची. बरं, तिथे तपासलं जातं बाळ. तिचं बीपी बघता का तुम्ही? डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, हे ती सांगते तेव्हा घरचे म्हणतात झोप झाली नाही. वाढलेल्या बीपीतून झटके येऊ शकतात. बाळाचा डॉक्टर वेगळा, आईची डॉक्टर वेगळी, आणि दोघांना एकत्र बघणारं कोणी नाही. घरी आलेली नर्सच ते करू शकते.

मोहफूल
पण नर्सच कशाला हवी? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने हे करून दाखवलं. ३९ गावांत गावातल्याच, बेताचं शिकलेल्या बाया निवडल्या. श्वास मोजणं, वजन करणं, बाळाला ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखणं, इतकंच काय, जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन देणंही शिकवलं. तीन वर्षांत नवजात बालमृत्यू निम्म्याहून खाली आले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं, आणि आजची आशाताईंची गृहभेट त्यातूनच आली. मग मुंबई-पुण्याच्या जपावाल्यांना शिकवायला काय हरकत आहे? घरात त्यांचा शिरकाव आधीच झालेला आहे, विश्वासही आहे.

रात्रपाळी
मी प्रसूती विभागात सिस्टर आहे. सगळे नर्स पाठवा म्हणतात, आणायच्या कुठून? रात्री लेबर रूम आणि बाळंतिणींचा वॉर्ड मिळून आम्ही दोघी असतो. एकीला कळा, दुसरीला रक्तस्राव, तिसरीचं बाळ छातीला लागत नाही. ज्या बाईला दूध पाजायला बसवून दाखवायला अर्धा तास हवा, तिला आम्ही पाच मिनिटं देऊ शकतो. वॉर्डातल्या नर्स कमी करून घरोघर पाठवणार असाल तर माझा ठाम विरोध आहे.

जपावालीला शिकवा म्हणणाऱ्यांनाही एक सांगते. आशाताईला या सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये मिळतात. शहरात मालिशवाली महिन्याचे हजारो घेते. प्रशिक्षणाला दिवस घालवला तर तिची त्या दिवसाची घरं बुडतात. ते कोण भरून देणार?

कालव्याकाठी
मी नेदरलँड्समध्ये बाळंत झाले. इथे 'क्रामझोर्ख' म्हणून पद्धत आहे. प्रशिक्षित मदतनीस आठवडाभर रोज घरी येते, सगळे दिवस मिळून किमान २४ तास तरी मिळतातच, आणि बराचसा खर्च विम्यातून होतो. ती बाळाचं वजन, ताप बघते, माझे टाके बघायची, दूध पाजताना शेजारी बसायची आणि मोठ्या मुलीला डबाही भरून द्यायची. ती नर्स नसते, पण काही वावगं दिसलं की मिडवाइफला, म्हणजे शिकलेल्या सुईणीला, कळवते. माजघर, तुम्ही म्हणता ती सोबत आणि चैत्रपालवी म्हणतात ती तपासणी, दोन्ही एकाच बाईकडून मला मिळालं. मालिश तेवढं नव्हतं, त्याची आठवण फार आली.

माजघर
मग शिकवा आमच्या मावशींना, मी नको म्हणत नाही. गुटी आणि काजळ सोडायला त्या तयार होतील. पण त्यांना बाजूला सारून वर्दीतली परकी बाई घरात आणायला माझा विरोध राहील.

रात्रपाळी
मावशी असो की नर्स, तिने बाळ गार पडलंय किंवा दूध ओढायचं थांबलंय हे ओळखल्यावर पुढे काय? मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जातेय, आईचं पॅड तासाभरात भिजतंय, अशा वेळी रात्री दोनला फोन कोणी उचलायचा? डिस्चार्जच्या फाइलवर आज ओपीडीचा नंबर असतो, तो संध्याकाळी बंद होतो. टिपकागद, चैत्रपालवी, घरी कोण जाणार यावर भांडण्याआधी त्या फाइलवर लेबर रूमचा नंबर लिहायला लावा. तो आम्ही चोवीस तास उचलतो.