फिश ग्रिप प्लास्टिकची घ्यावी की स्टीलची?

गळकरी_नवा: काल दोनेक किलोचा मासा अगदी काठापर्यंत आणला, गळ काढायला हात घातला तर असा बुळकन सटकला की बोटात काटा घुसला आणि मासा पण गेला. आता ग्रिप, म्हणजे माशाचा जबडा धरायचा चिमटा, घ्यायचीच आहे, वजनकाटा असलेली स्टीलची बरी दिसते, वजन पण कळतं. कोणी वापरलीये का?

पाण्यातपाय: दोन्ही वापरल्यात. स्टीलची पकड भारी पण हातातून सुटली की थेट तळाला, माझी अशीच गेली, त्यामुळे मनगटाला दोरी बांधाच. प्लास्टिकची तरंगते, मिठाच्या पाण्यात गंजायचं टेन्शन नाही. स्टीलचीच घेणार असाल तर डोकं गोल फिरणारी बघा, मासा पिळा मारतो तेव्हा ग्रिप त्याच्यासोबत फिरते, नाहीतर त्याचा जबडा फाटतो नि तुमचं मनगट मुरगळतं.

जुनागळ: वजनाच्या नादात मोठा मासा नुसता जबड्याला लटकवू नका राव!! सगळा भार जबड्यावर आणि मणक्यावर येतो. सोडायचा असेल तर दुसरा हात ओला करून पोटाखाली धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याला रोगापासून वाचवतो. वजन करायचंच तर ओल्या जाळीत ठेवून करा.

गळकरी_नवा: मऊ तोंडाच्या माशाला चालेल का?

जुनागळ: नको, भोक पडतं. त्याला रबरी जाळीच. ग्रिप दातवाल्यांसाठी, आणि सोबत लांब नाकाचा पक्कड ठेवा, तुमचं बोट त्यानेच वाचलं असतं.