'शी बी वर्किंग' हे चुकीचं इंग्रजी आहे का?

पाटावरवंटा:
परवा इथे एकाने लिहिलं की अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना तिथे जन्मूनही धड इंग्रजी येत नाही, 'शी बी वर्किंग' म्हणतात. त्यावर ढीगभर 'सहमत' पडले, म्हणून हा धागा.

त्या कृष्णवर्णीयांच्या बोलीत 'शी वर्किंग' म्हणजे ती आत्ता काम करतेय. 'शी बी वर्किंग' म्हणजे ती काम करत असते. या घडीला झोपलेली का असेना. 'करतेय' आणि 'करत असते' यात आपण कधी गल्लत करतो का? जॅनिस जॅक्सन या संशोधिकेने लहान मुलांना चित्र दाखवलं: 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या कार्यक्रमातला, सतत कुकीज खाणारा कुकी मॉन्स्टर आजारी पडलाय आणि त्यातलाच एल्मो कुकी खातोय. विचारलं, 'हू बी ईटिंग कुकीज?' गोरी मुलं म्हणाली एल्मो. कृष्णवर्णीय मुलं म्हणाली कुकी मॉन्स्टर, कारण कुकीज खात असतो तो तोच!

'इज' गाळण्यालाही नियम आहे. 'ही इज हिअर'चं 'ही हिअर' होतं, पण 'आय डोन्ट नो व्हेअर ही इज' यातला शेवटचा 'इज' कुणी गाळत नाही. प्रमाण इंग्रजीत जिथे 'ही इज'चं आखडून 'हीज' होतं, तिथेच तो गळतो. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबोव्ह यांनी हे १९६९ मध्येच दाखवलंय.

खडूफळा:
नियम असतील हो. मी आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. नोकरीची मुलाखत घेणारा लबोव्ह वाचून बसलेला नसतो. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या शाळा मंडळाने या बोलीला मान्यता देणारा ठराव केला, तेव्हा खुद्द कृष्णवर्णीयांचे नेते जेसी जॅक्सन यांनी विरोध केला होता. त्यांना का वाटलं असेल तसं?

पाटावरवंटा:
पुढचंही सांगा की. थोड्याच दिवसांत त्यांनी भूमिका बदलली. घरच्या बोलीचा आधार घेऊन प्रमाण इंग्रजी शिकवायचं, असा तो ठराव होता. प्रमाण इंग्रजी शिकवू नका असं कोण म्हणतंय?

तर्कटराव:
या बोलीतल्या 'आय डोन्ट नो नथिंग'चं काय मग? दोन नकारांचा होकार होतो. सरळ गणित आहे.

वऱ्हाडी ठेचा:
गणित अठराव्या शतकातल्या रॉबर्ट लोथसारख्या व्याकरणकारांचं आहे भाऊ. त्यांच्या कितीतरी आधी इंग्रजी कवी चॉसर एकेका वाक्यात दोन-तीन नकार घालायचा. बाकी पुण्यात 'काय करून राहिला बे' म्हटलं की लोक हसतात, तेव्हा हे गणित कुठल्या बाजूने लागतं ते मले चांगलं माहीत आहे.

तर्कटराव:
चॉसरच्या काळात वीजही नव्हती.

पाटावरवंटा:
हसण्यावर निभावलं तर ठीक. फिलाडेल्फियात कोर्टाच्या लघुलेखकांना या बोलीतली वाक्यं ऐकवून लिहायला सांगितली. व्यवसायाची अट ९५ टक्के अचूकतेची, पण पूर्ण बरोबर उतरलेली वाक्यं ६० टक्केही नव्हती. 'तो त्या भागात नसतो' अशा अर्थाचं वाक्य 'आम्ही या भागात असणार आहोत' असं उतरलं. हा अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. साक्षीत असं झालं तर माणूस आत जाईल. लुईझियानात एका संशयिताने पोलिसांना म्हटलं, मला वकील द्या ना, 'डॉग'. हे आपल्या 'यार'सारखं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये लिहिलं की 'लॉयर डॉग' ही मागणी संदिग्ध आहे. वकील असलेला कुत्रा मागितला होता म्हणे!

खडूफळा:
हे भयंकर आहे. पण मग करायचं काय, प्रत्येक कोर्टात इंग्रजीतून इंग्रजीत दुभाषी?

वऱ्हाडी ठेचा:
का नाही? अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याने २०१० मध्ये चोरून ऐकलेले फोन समजायला याच बोलीचे भाषांतरकार मागवले होते. पकडताना जाणकार लागतो, बचावाच्या वेळी नको?

खडूफळा:
बरं, कोर्टात द्या दुभाषी, माझी हरकत नाही. माझ्या वर्गात 'शी डोन्ट नो' आलं तर मात्र लाल पेनाची रेघ पडणारच. बोर्डाचा पेपर तपासणाऱ्याला मी हा धागा पाठवू शकत नाही.