हाताने केलेल्या चॉपिंग बोर्डाचा दर कसा काढायचा, आणि लाकूड कुठून, कोणत्या कागदावर घ्यायचं?

खानापूर_पटाशी

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात भाजी चिरायचे लाकडी बोर्ड करतो, माप 14 × 10 इंच, जाडी 1 इंच. लाकूड मुख्यतः फणसाचं, थोडं बाभळीचं. हिशेब असा मांडलाय: तयार बोर्ड 140 घनइंच, म्हणजे 0.08 सीएफटी (घनफूट). फणसाचा ओंडका 600 रुपये सीएफटीने पडतो, म्हणजे एका बोर्डाला लाकूड 49 रुपयांचं. बाकी खर्च आणि मजुरी धरून 650 ला विकतो. गिऱ्हाईक म्हणतं महाग, आणि महिनाअखेर हातात काहीच उरत नाही.

आता बेळगावातला एक दुकानदार माल ठेवायला तयार आहे, त्याला 30 टक्के हवेत. कोल्हापूर-पुण्याहूनही विचारणा होतेय. हिशेबात चूक कुठे आहे? फणसाशिवाय इकडचं दुसरं कोणतं लाकूड घ्यावं? आणि लेबलावर 'पर्यावरणपूरक' असं लिहिलं तर चालतं का?

रंधा_आणि_गुण्या

दादा, चूक पहिल्याच ओळीत आहे. तुम्ही तयार बोर्डाच्या मापाला ओंडक्याचा दर लावलात. ओंडका आणि वाळलेली फळी यांच्यामध्ये निम्मं लाकूड जातं, त्याचे पैसेही तुम्हीच भरलेले असतात.

ओंडका मोजतात तो गोलाईच्या चौथ्या हिश्श्याने. समजा गोलाई 48 इंच, लांबी 8 फूट. चौथा हिस्सा 12 इंच, 12 × 12 म्हणजे 1 चौरस फूट, गुणिले 8, झाले 8 सीएफटी. तुमच्या 600 च्या दराने 4,800. सॉ मिलची कटाई 480 आणि टेम्पो 700 धरा (तिथे तुमच्या पावत्यांचे आकडे घाला), एकूण 5,980. साल, सालीकडचं पांढरं लाकूड, मधला गाभा, करवतीचा भुसा आणि वाळताना टोकांना फुटलेलं वजा केलं की चांगल्या फळ्या 4 सीएफटी निघाल्या तरी पुष्कळ. म्हणजे वाळलेली फळी साधारण 1,495 रुपये सीएफटी पडली.

आता एक इंची तयार बोर्डाला कच्ची फळी दीड इंच जाड लागते, कारण वाळताना ती थोडी बाक घेते आणि दोन्ही बाजू रंध्याने सपाट कराव्या लागतात. 2 इंचाच्या पाच पट्ट्या जोडत असाल तर प्रत्येक पट्टी 2.3 इंचांची कापावी लागते. कच्चं माप झालं 16 × 11.5 × 1.5, म्हणजे 276 घनइंच, 0.16 सीएफटी. लाकूड 240 रुपये. तुमच्या 49 च्या जवळजवळ पाचपट.

पुढचं असं धरा: गोंद 15, पॉलिश पेपर 25, तेल-मेण 25, वीज आणि ब्लेडची धार 30, खोकं आणि पॅकिंग 45, मिळून 140. मजुरी पावणेदोन तास, 180 रुपये ताशी, 315. इथवर 695. दहातला एक बोर्ड तडकतो किंवा वाकतो, तो विकता येत नाही, त्याचं ओझं उरलेल्या नवांवर: 695 भागिले 0.9, म्हणजे 772. भाडं आणि दुरुस्तीचे 80 मिळवा, 852. त्यावर 15 टक्के नफा, 980. इतके तुमच्या हातात यायला हवेत. दुकानदाराचे 30 टक्के त्याच्या विक्रीच्या किमतीवर असतात, म्हणून 980 मध्ये 30 टक्के मिळवायचे नाहीत, 980 ला 0.7 ने भागायचं. पाटीवर 1,400.

आणि दुकानात 1,400 ला असलेला बोर्ड घरून 980 ला देऊ नका. दुकानदाराला आठवड्यात कळतं आणि तो माल परत करतो.

1,400 कुणी देणार नाही असं वाटत असेल तर माप बदला, दर पाडू नका. 10 × 7 इंच, पाऊण इंची बोर्ड मोठ्या बोर्डाच्या उरलेल्या पट्ट्यांतून निघतो, लिंबू-मिरची-कांद्याला पुरतो, आणि तो स्वस्तात देता येतो.

ऐन_किंदळ

लाकडाबद्दल लिहितो.

खानापूर, चंदगड भागात बांधावर आणि घरामागे फणस भरपूर, तो चांगलाच. मध्यम वजन, धार टिकते, पाण्यात लवकर कुजत नाही. त्याची एक खोड मात्र गिऱ्हाइकाला आधी सांगा. फणसाच्या आतल्या लाकडात पिवळा रंग असतो, कपडे रंगवायलाही तो वापरतात. नवा बोर्ड ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसला की फडकं हळदीसारखं होतं. म्हणून विकण्याआधी दोन-तीन वेळा कोमट पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून मगच तेल द्या. उजेडात राहिला की वर्षभरात तो पिवळ्याचा तपकिरी होतो, तेही लेबलवर लिहा. नाहीतर 'रंग उडाला' म्हणून फोन येतात.

बाभूळ अथणी, चिकोडीकडच्या कोरड्या भागातली घ्या. बैलगाडीच्या चाकाला हेच लाकूड वापरत, इतकं टणक. पण तिच्यात टॅनिन, म्हणजे लोखंड लागलं की काळं पडणारं तुरट द्रव्य, भरपूर. गोंद ओला असताना लोखंडी क्लॅम्प थेट लाकडाला टेकला की तिथे निळा-काळा डाग पडतो आणि तो खोल जातो. क्लॅम्पखाली प्लास्टिकचा तुकडा घाला.

चिंच सगळ्यांत दणकट, खाटकाकडचा ओंडका उगाच चिंचेचा नसतो. पण ती वाळताना फार फुटते आणि ब्लेडची धार खाते. मोठ्या जाड बोर्डालाच घ्या, आणि मजुरी दीडपट धरा. आंबा स्वस्त, पण मऊ. सुरीचे चरे लवकर पडतात, आणि नीट वाळवला नाही तर कीड लागून पिठासारखा भुसा गळतो. कडुनिंब टिकतो, पण नव्या बोर्डाचा वास आणि कडवटपणा काही दिवस जाणवतो. सागवान चालतो, त्यात वाळूसारखा अंश असतो म्हणून सुऱ्या लवकर बोथट होतात, आणि तो तेलकट असल्याने गोंद लावण्याआधी सांधा अ‍ॅसिटोनने पुसावा लागतो.

काजरा, बिब्बा, कण्हेर अन्नाजवळ नकोच. रेल्वेचे जुने स्लीपर कुणी स्वस्तात देऊ केले तरी घेऊ नका, त्यांना क्रिओसोट (डांबरापासूनचं विषारी द्रव्य) पाजलेलं असतं.

शिसवाचा मोह आवरा. भारतीय शिसव निसर्गात कमी होत चाललाय, आणि 2 जानेवारी 2017 पासून शिसवाच्या वंशातल्या जवळपास सगळ्या जाती साइट्स कराराच्या (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत. भाजी चिरायच्या बोर्डासाठी शिसव तोडावा इतकं काही ते काम मोठं नाही.

वाळवण्यात घाई नको. फळी कापल्या दिवशीच दोन्ही टोकांना मेण किंवा जुना रंग फासा. मध्ये पाऊण इंची पट्ट्या एकाखाली एक सरळ रेषेत ठेवून थर लावा, वर वजन ठेवा, ऊन थेट लागू देऊ नका. इंचाला एक वर्ष हा ढोबळ नियम, दीड इंचाला दीड वर्ष. ओलावा 12 टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय जोडकाम करू नका. मीटर नसेल तर फळीच्या मध्यातून छोटा तुकडा कापा, वजन करा, ओव्हनमध्ये 100 ते 105 अंशांवर वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवा. आधी 112 ग्रॅम, नंतर 100 ग्रॅम भरला तर ओलावा 12 टक्के. खानापूरच्या पावसाळ्यात वाळलेलं लाकूडही उघड्या शेडमध्ये पुन्हा पाणी पितं. ओलावा 4 टक्क्यांनी बदलला की 10 इंच रुंद अखंड फळी 2 ते 3 मिलिमीटर फुगते किंवा आकसते. ऑगस्टमध्ये तिकडे केलेला बोर्ड एप्रिलमध्ये अथणीच्या स्वयंपाकघरात तडकतो तो यामुळे.

सीमाभाग_जमाखर्च

कागदांचं बघू.

खासगी जमिनीतलं झाड असलं तरी तोडायला 1976 च्या कर्नाटक वृक्षसंरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. काही जातींना सूट आहे. शेतकरी 'माझंच झाड' म्हणाला तरी आधी वनखात्याच्या रेंज ऑफिसात झाडाची जात सांगून विचारा, आणि परवानगीची झेरॉक्स मागून घ्या. महाराष्ट्रातल्या चंदगड-आजऱ्याकडचा ओंडका इकडे आणायचा तर राज्याची हद्द ओलांडली जाते, वाहतूक परवाना लागतो. डिसेंबर 2023 पासून त्याची देशपातळीवरची ऑनलाइन सोय झाली आहे. वखारीतून घेत असाल तर बिलावर लाकडाची जात लिहून घ्या. 'जंगली लाकूड' असं मोघम बिल काही कामाचं नाही.

कोल्हापूर-पुण्याची विचारणा ऐकून आनंद झाला, पण इथे बऱ्याच जणांचा पाय अडकतो. कर्नाटकातल्या कर्नाटकात माल विकलात तर वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. निपाणीत विकलात तर नाही, पण कोगनोळी ओलांडून कागलला विकलात की आंतरराज्य विक्री, आणि तिथे पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची. कंपोझिशन (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना) घेऊन भागत नाही, त्यात राज्याबाहेर विकता येत नाही. हस्तकलेच्या वस्तूंना सवलत आहे, पण व्याख्येत नक्षी, जडावकाम असं सौंदर्यमूल्य मागितलंय. साध्या सपाट बोर्डाने तिच्यावर विसंबू नये. नोंदणीचा आणि सीएचा वर्षाचा खर्च काढा, राज्याबाहेर जाणाऱ्या बोर्डांवर वाटा, मग हो म्हणा.

लेबलाचं: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये पर्यावरणाच्या दाव्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्यात. नुसतं 'पर्यावरणपूरक' लिहायचं तर पुरावा दाखवता आला पाहिजे. त्यापेक्षा जे खरं आहे तेच लिहा: 'फणस, खानापूर तालुका, बांधावरचं झाड, परवानगीने तोडलेलं.' प्रत्येक ओंडक्याला नंबर द्या, तोच बोर्डाच्या मागे डागा, आणि वहीत त्या नंबरापुढे बिल चिकटवा. दुकानदाराने विचारलं तर पान उघडून दाखवता येतं.

खानापूर_पटाशी

49 चे 240 झालेले बघून डोळे उघडले. ओंडक्याला नंबर आजपासून. दोन गोष्टी राहिल्या: जुन्या घरांच्या तुळया घ्याव्यात का, आणि तेल कोणतं? शेंगतेल लावलं तर काही महिन्यांत वास मारतो.

रंधा_आणि_गुण्या

तुळया जरूर घ्या. झाड तोडायला लागत नाही आणि लाकूड पन्नास-पन्नास वर्षं वाळलेलं असतं. पण आधी मॅग्नेट किंवा डिटेक्टर फिरवा, एक खिळा अख्खं ब्लेड घालवतो. रंग लावलेल्या तुळईचा वरचा थर घासू नका, जुन्या रंगात शिसं असतं, त्याची धूळ नाकात जाते. तो भाग करवतीने काढून टाका. गोठ्यातली किंवा वाळवीचं औषध मारलेली तुळई बोर्डाला घेऊ नका.

शेंगतेल, सूर्यफूल तेल खवट होणारच, ती नीट सुकत नाहीत. हार्डवेअरचं उकळलेलं जवस तेलही नको, त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घालतात. मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन आयपी मिळतं, ते घ्या. चार भाग पॅराफिन, एक भाग मधमाशीचं मेण, वजनाने. पातेल्यातल्या गरम पाण्यात डबा ठेवून वितळवा, थेट आचेवर कधीच नको.

180 नंबरच्या पेपरनंतर बोर्ड ओल्या फडक्याने पुसा, वाळला की रोम उभे राहतात, मग 220 फिरवा. हे नाही केलं तर गिऱ्हाइकाने पहिल्यांदा धुतल्यावर बोर्ड खरखरीत होतो. नंतर नुसतं पॅराफिन भरपूर लावून रात्रभर ठेवा, सकाळी पुसा, पुन्हा एकदा लावा, आणि शेवटी मेणाचा हात. आडव्या छेदाच्या टोकांना दुप्पट तेल लागतं, पाणी तिथूनच शिरतं.

गोंद साधा पांढरा नको, पाण्याने सुटतो. पाण्याला टिकणारा घ्या आणि अन्नाच्या संपर्काबद्दल कंपनी काय म्हणते ते वाचा. टाइटबाँड 3 ला तशी मान्यता आहे.

खोक्यात एक चिठ्ठी टाका: दोन्ही बाजू धुवा, उभा करून वाळवा, पाण्यात बुडवून ठेवू नका. एकच बाजू ओली करून ओट्यावर पालथा टाकलेला बोर्ड वाकतो. उन्हाळा लागला की घरी तेलाचा एक हात द्यायलाही सांगा. बोर्डासोबत 30 मिलीची मेणाची डबी दिलीत तर लोक खरंच लावतात. तिचे पैसे दरात धरायला विसरू नका.