मिल्नेशियम टार्डिग्रेडम भारतात आहे की नाही? पुस्तक एक सांगतं, पेपर दुसरंच

मॉसवाला_पुणे:
नमस्कार मंडळी, एम.एस्सी. झूलॉजीचा प्रोजेक्ट चालू आहे. सिंहगडाच्या वाटेवरच्या कातळावरचं मॉस (शेवाळ) आणून रात्रभर भिजत घातलं आणि सकाळी पेट्रिडिशमध्ये पिळून बघितलं तर रोटिफर आणि नेमॅटोड या सूक्ष्म प्राण्यांच्या गर्दीत एक दांडगा टार्डिग्रेड (आठ पायांचं सूक्ष्म 'पाणअस्वल'), चक्क रोटिफर गिळत होता! तोंडाभोवती सहा बोंडं, दोन काळे डोळे, नख्या लांबसडक. सर म्हणाले मिल्नेशियम टार्डिग्रेडम, लिहून टाक, जगभर सापडतो. पण नवीन पेपर चाळले तर तिथे हा युरोपकडचा प्राणी म्हणतात. शिवाय क्लास (वर्गीकरणातला वर्ग) कुठे यूटार्डिग्रेडा दिलाय तर कुठे अ‍ॅपोटार्डिग्रेडा. नेमकं काय धरायचं?

सूक्ष्मदर्शी:
मिल्नेशियमपर्यंत तुम्ही बरोबर आहात. सहा बोंडं, तोंडातली नळी रुंद, घशात प्लॅकॉइड म्हणजे ते कडक तुकडे अजिबात नाहीत, आणि मांसाहारी, एवढं जुळलं की जीनसबद्दल शंका नको. घोळ स्पीशीजचा आहे आणि तो जुना आहे. डॉयेरने 1840 मध्ये हे नाव दिलं, मग पुढची दीडशे वर्षं जगात कुठेही सहा बोंडांचा मांसाहारी टार्डिग्रेड दिसला की लोकांनी डोळे झाकून हेच नाव चिकटवलं. मध्ये एरेनबर्गने 1853 मध्ये आल्प्समधून मिल्नेशियम अल्पिजेनम म्हणून वेगळी स्पीशीज दिली होती, तीसुद्धा याच्यातच ढकलली. म्हणजे 'जगभर सापडतो' हे त्या प्राण्याचं कौतुक नाही, ओळखणाऱ्यांचा आळस आहे.

डॉयेरचे मूळ नमुने शिल्लक नव्हते, त्यामुळे ताडून बघायचं तरी कशाशी? शेवटी 2012 मध्ये मिखाल्चिक आणि मंडळींनी जर्मनीतला नमुना निओटाइप, म्हणजे हरवलेल्या मूळ नमुन्याच्या जागी प्रमाण नमुना, ठरवून नव्याने वर्णन केलं, आणि तेव्हापासून ही एक नेमकी स्पीशीज झाली: अंगावरची कातडी गुळगुळीत, आणि नख्यांची मांडणी ठरलेली. प्रत्येक पायाला दोन नख्या, प्रत्येक नखीला एक लांब दोऱ्यासारखी शाखा आणि एक आखूड. त्या आखूड शाखेची टोकं मोजायची. पहिल्या तीन जोड्यांमध्ये बाहेरच्या नखीला दोन आणि आतल्या नखीला तीन, मागच्या जोडीत पुढच्या नखीला तीन आणि मागच्या नखीला दोन. या कसोटीवर आणि डीएनएवर तपासलेल्या खात्रीच्या नोंदी मुख्यतः युरोपातल्या आहेत. अल्पिजेनमसुद्धा 2019 मध्ये पुन्हा वेगळी स्पीशीज म्हणून उभी राहिली, आणि आज या जीनसमध्ये चाळीसच्या वर स्पीशीज आहेत.

गवताळ:
क्लासचं थोडक्यात सांगतो. फॅमिली मिल्नेसिडी, ऑर्डर अ‍ॅपोकेला, इथपर्यंत भांडण नाही. 2019 मध्ये एका जेनेटिक अभ्यासात अ‍ॅपोकेलाला उचलून अ‍ॅपोटार्डिग्रेडा असा स्वतंत्र क्लास केला, काहींनी घेतला, काहींनी नाही. प्रोजेक्टमध्ये यूटार्डिग्रेडा लिहा आणि एका वाक्यात दुसरं मतही टाका, परीक्षक खूश होतात.

कोकणी_किडा:
मला हे 'फक्त युरोप' पटत नाही बुवा. सुकून गोळा होतो, वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो, 2007 मध्ये फोटॉन-एम3 यानातून अंतराळात जाऊन आला तो पण मिल्नेशियम टार्डिग्रेडमच होता ना? मग तिकडून इकडे वाऱ्याने यायला काय अडचण आहे, धुळीसारखा उडत येईल की.

सूक्ष्मदर्शी:
@कोकणी_किडा हाच युक्तिवाद बास बेकिंग या शास्त्रज्ञाने 1934 मध्ये सगळ्याच सूक्ष्मजीवांबद्दल केला होता, की सगळं सगळीकडे असतं, फक्त परिस्थिती निवड करते. मिल्नेशियमवर तो तपासून झालाय. 2021 मध्ये जगभरचे नमुने घेऊन डीएनएवरून वंशवृक्ष मांडला, तर बहुतेक स्पीशीज एकाच प्राणिभौगोलिक विभागात अडकलेल्या निघाल्या, दूरवर पसरलेल्या मोजक्याच. उडून येणं वेगळं, आणि इथे येऊन पिल्लावळ वाढवून टिकणं वेगळं. अंतराळात तग धरली म्हणून सह्याद्रीतल्या कातळावर बस्तान बसेलच असं नाही, तिथे आधीपासूनच कोणीतरी बसलेलं असतं.

आणि एक, नकाशावर युरोप भरलेला दिसतो याचं अर्धं कारण तिथे बघणारे जास्त आहेत. आपल्याकडे मरेने 1907 मध्ये सिक्कीम हिमालयातल्या टार्डिग्रेडांवर लिहिलं, पण त्यानंतर काम फार तुरळक. समुद्रातल्यांकडे आत्ता कुठे लक्ष जातंय. कोचीच्या कुसॅट विद्यापीठवाल्यांनी तमिळनाडूतल्या मंडपमहून बॅटिलिपेस कलामी हा नवा समुद्री टार्डिग्रेड दिला, डॉ. कलामांच्या नावाने. सह्याद्रीतल्या मॉसवर कोणी असं बसलंय का?

मॉसवाला_पुणे:
भारी माहिती, धन्यवाद! आत्ता परत स्लाइड लावली, ऑइल इमर्शनखाली मला सगळ्या आखूड शाखांना तीन-तीनच टोकं दिसतायत, मागच्या पायांना पण. मग हा टार्डिग्रेडम नाहीच ना? आणि सरांना काय सांगू, ते ऐकणार नाहीत 😅

सूक्ष्मदर्शी:
तीन-तीन असेल तर टार्डिग्रेडम नाही, पण एका नमुन्यावर उडी मारू नका. या जीनसमधल्या काही स्पीशीजमध्ये पिल्लाच्या आणि मोठ्या प्राण्याच्या टोकांची संख्या वेगळी असते. मोठी मादी शोधा, ही मंडळी कात टाकताना सोडलेल्या कातडीतच गुळगुळीत अंडी घालतात, तशी कातडी मिळाली तर ती पण जपून ठेवा. दोन-चार स्लाइडवर, दोन-चार अल्कोहोलमध्ये सीओआयसाठी (डीएनएवरून स्पीशीज ओळखायला वापरतात तो जीन). स्लाइडवर चढवलेल्याचा डीएनए नंतर काढत बसाल तर रडाल. प्रोजेक्टमध्ये नुसतं 'मिल्नेशियम, स्पीशीज अनिश्चित' लिहा, नख्यांचा फोटो आणि मोजमापं जोडा, आणि सरांपुढे 2012 चं ते नवं वर्णन उघडून ठेवा.

गवताळ:
फोटो इथे पण टाका हो, मागच्या पायाचा फोकस नीट करून.