आखाजीला फौजी काकांची घागर भरायची की नाही, आणि त्यांची माहिती कुठे मिळेल?

गिरणाकाठ:
नमस्कार मंडळी, मी भडगाव तालुक्यातला. माझे मोठे काका ७१ च्या लढाईत गेले, वय बावीस, लग्न झालेलं नव्हतं. घरी तार आली आणि नंतर त्यांची काळी ट्रंक आली, झाकणावर पांढऱ्या पेंटने नाव आणि १ मराठा असं लिहिलेलं. देह काही आला नाही, त्यामुळे आजीने ते गेले हे शेवटपर्यंत मानलंच नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या पितरांच्या नावाने पाण्याच्या घागरी भरायच्या, वर डांगर (खरबूज), आंबे, सांजोऱ्या, पण काकांच्या नावाची घागर तिने कोणाला भरू दिली नाही, विषय काढला की एकच, "मना आंडोर ई", माझा पोरगा येईल. कानबाई देवीच्या रोटांच्या सणाला घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात ना, त्यात त्यांची मूठ दरवर्षी ती स्वतः टाकायची.
मागच्या पावसाळ्यात आजी गेली. येत्या आखाजीला तिची घागर आहे तर वडील म्हणतात भावाचीपण भरू, आत्या म्हणते आईने भरू दिली नाही ती आपण कशी भरायची. त्यात शाळेवाले १५ ऑगस्टला काकांच्या नावाचा बोर्ड लावायचं म्हणताहेत आणि त्यांना तारीख पाहिजे. तार सापडत नाहीये. आजीच्या डब्यात दोन मेडल आहेत फक्त, एक गोल आणि एक ताऱ्यासारखं, दोन्ही काळी पडलेली.

माजी_फौजी_चाळीसगाव:
भाऊ पहिलं काम, मेडल चिंचेने नाहीतर राखेने घासू नका!! गोल मेडलच्या कडेला जवानाचा नंबर, रँक, नाव कोरलेलं असतं, घासलं की अक्षरं जातात. मऊ कपड्याने पुसा आणि टॉर्च आडवा धरून वाचा. तारा पूर्वी स्टार आहे की पश्चिमी स्टार तेपण बघा, म्हणजे कुठल्या आघाडीवर होते ते कळेल.
१ मराठा म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, आमची जंगी पलटण. ७१ ला ती पूर्वेकडे, आताच्या बांगलादेशात, ब्रह्मपुत्रेकाठी जमालपूरला होती. पाकिस्तानी कमांडरला शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली तर त्याने उत्तराच्या पाकिटात बंदुकीची गोळी टाकून पाठवली, आणि १० डिसेंबरच्या रात्री त्यांची फौज वेढा फोडून बाहेर पडायला निघाली तेव्हा आपली पोरं रस्ता अडवून बसली होती. दुसऱ्या दिवशी जमालपूर पडलं. पण काका त्याच रात्री गेले असं धरून बोर्डावर तारीख टाकू नका, नंबर मिळाला की बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. आजीला पेन्शन होती ना? मग पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या ऑर्डरवर पण नंबर असेल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, अर्ज करायला ते मदत करतात.
आणि देहाचं म्हणाल तर तेव्हा पाठवायची पद्धतच नव्हती, तिकडेच अंत्यसंस्कार व्हायचे. तिरंग्यात गुंडाळून गावोगाव आणायला लागले ते कारगिलपासून, १९९९ ला. तुमच्या आजीसारख्या किती माया दाराकडे बघत बसल्या असतील.

अमळनेरची_लेक:
वाचून रडायला आलं दादा. आमच्याकडे आजोबांचे भाऊ ६२ ला गेले, त्यांच्या आईनेपण जिवंत असेपर्यंत घागर भरू दिली नव्हती, ती गेल्यावर पहिल्याच आखाजीला मायलेकाची घागर शेजारी शेजारी ठेवली. मला वाटतं भरा. आजीने अडवलं कारण ती वाट बघत होती, आता वाट बघणारं कोणी राहिलं नाही तर त्या पोराला पाणी कोण देणार? पण आत्यांना समजावून, त्यांच्या हातानेच भरा, त्या बहीण आहेत.
आणि दिल्लीला इंडिया गेटजवळ राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे, २०१९ ला झालं, तिथे भिंतींवर २५ हजारांवर जवानांची नावं ग्रॅनाइटवर कोरलेली आहेत. नाव शोधायची सोय आहे तिथे, वडिलांना एकदा न्याच.

मास्तर_पारोळा:
बोर्डावर नुसतं शहीद आणि तारीख नको, पोरं दोन दिवस बघतात मग बोर्ड भिंतीचाच होऊन जातो. काका त्याच शाळेत शिकले असतील तर जुनं जनरल रजिस्टर काढायला लावा, दाखल केव्हा झाले, शाळा सोडली केव्हा, जन्मतारीख, सगळं मिळेल. ते बोर्डावर लिहा. आपल्याच वर्गात बसलेला पोरगा लढाईवर गेला हे चौथीच्या पोराला कळलं पाहिजे. तारीख नक्की नसेल तर १५ ऑगस्टची घाई करू नका, १६ डिसेंबरला विजय दिवस असतो, तेव्हा लावा.

गिरणाकाठ:
सगळ्यांचे आभार. काल रात्री वडिलांनी टॉर्च धरला आणि मी वाचलं, नाव स्पष्ट आहे, नंबरचे शेवटचे दोन आकडे पुसट आहेत. तारा पूर्वी स्टारच निघाला. वडील बराच वेळ मेडल हातात घेऊन बसले होते, मग म्हणाले भाऊने मला पहिल्यांदा रेल्वे दाखवली, पाचोऱ्याला खांद्यावर बसवून. इतक्या वर्षांत हे आम्हाला कधी बोलले नव्हते. आत्याला ताईंचा मेसेज वाचून दाखवला, ती घागर भरायला येते म्हणाली, फक्त सांजोऱ्या ती तिच्या घरून करून आणणार. मास्तर, तुमचं हेडमास्तरांना सांगितलं, रजिस्टर शोधताहेत. चाळीसगावचे फौजी काका, दोन आकडे नसले तरी नुसत्या नावावर बेळगावला अर्ज चालेल का? आणि मराठीत लिहिला तर चालतो का?